महाराष्ट्रातील उपशामक सेवा

उपशामक सेवा (पॅलिएटिव्ह केअर) ही असाध्य अथवा जिवावर बेतणाऱ्या आजाराने ग्रस्त रुग्ण आणि त्याचे कुटुंबीय यांच्या वेदना व त्रास कमी करणारी वैद्यकीय सेवा आहे. आजार बरा करणे हा तिचा मुख्य हेतू नसतो. शारीरिक वेदना, मानसिक ताण, आर्थिक व सामाजिक अडचणी आणि आध्यात्मिक अस्वस्थता या सर्वांचा ती एकत्रित विचार करते. महाराष्ट्रात या सेवेची संस्थात्मक सुरुवात १९८६ साली मुंबईत झाली. विदर्भात नागपूर हे तिचे प्रमुख केंद्र आहे.

संकल्पना

उपशामक सेवा केवळ अखेरच्या काही दिवसांपुरती असते, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात ती निदानापासूनच मूळ उपचारांच्या बरोबरीने देता येते आणि आजार बळावत जाईल तसा तिचा वाटा वाढत जातो. कर्करोगाखेरीज हृदय, मूत्रपिंड, यकृत व फुप्फुसांचे दीर्घ विकार, एड्स, पक्षाघात, स्मृतिभ्रंश आणि मज्जासंस्थेचे ऱ्हासकारी आजार यांतही तिची गरज भासते. रुग्णाच्या मृत्यूनंतर कुटुंबीयांना दिला जाणारा आधार हाही तिचाच भाग मानला जातो.

‘हॉस्पिस’ ही संज्ञा अधिक मर्यादित आहे. रोग हटवण्याचे उपचार थांबल्यानंतर अंतिम टप्प्यातील रुग्णाची शुश्रूषा जेथे होते, त्या निवासी केंद्राला किंवा सेवेला हॉस्पिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना उपशामक सेवेची गरज असते. त्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांनाच ती मिळते.

इतिहास

आधुनिक हॉस्पिस चळवळीचा आरंभ डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये स्थापन केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानला जातो. वेदना केवळ शारीरिक नसून तिला मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक बाजूही असतात, ही ‘समग्र वेदने’ची कल्पना त्यांनी मांडली.

भारतातील पहिले हॉस्पिस ‘शांती अवेदना’ हे १९८६ साली मुंबईतील वांद्रे येथे कर्करोग शल्यविशारद डॉ. लुइस डिसूझा यांच्या पुढाकाराने सुरू झाले. पुढे गोवा व दिल्ली येथेही या संस्थेची केंद्रे निघाली. १९९३ साली केरळमधील कोळिकोड येथे डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमन व उपशामक सेवेची संस्था स्थापन केली. तिच्यातून स्वयंसेवकांच्या बळावर घरोघरी जाणाऱ्या सेवेचा नमुना उभा राहिला. १९९४ साली ‘इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर’ ही राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुण्यात वारजे येथे १९९७ साली सिप्ला उपशामक सेवा केंद्र सुरू झाले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २०१२ साली या विषयातील एम.डी. अभ्यासक्रमाला प्रारंभ झाला.

धोरणाच्या पातळीवर केरळने २००८ मध्ये, तर महाराष्ट्राने २०१२ मध्ये राज्याचे उपशामक सेवा धोरण स्वीकारले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात या सेवेचा समावेश झाला. आरोग्यवर्धिनी केंद्रांतून द्यावयाच्या सेवांमध्येही तिला स्थान मिळाले.

वेदनाशमन आणि मॉर्फीन

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची उपचारपद्धती सुचवली. सौम्य वेदनेसाठी पॅरासिटामॉलसारखी औषधे, मध्यम वेदनेसाठी सौम्य अफूजन्य औषधे आणि तीव्र वेदनेसाठी मॉर्फीन, असा तिचा क्रम आहे. तोंडाने घ्यावयाचे साधे मॉर्फीन सामान्यतः दर चार तासांनी दिले जाते. वेदना उसळण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे औषध देणे हे या पद्धतीचे मूळ सूत्र आहे. बद्धकोष्ठता हा मॉर्फीनचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम असल्याने त्याच्या जोडीने रेचक दिले जाते.

भारत हा औषधी अफूचा कायदेशीर उत्पादक देश आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील परवानाधारक शेतकरी तिचे पीक घेतात आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. असे असूनही देशातील बहुसंख्य रुग्णांपर्यंत मॉर्फीन पोहोचू शकले नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील (एन.डी.पी.एस.) कडक तरतुदी व अनेक खात्यांचे स्वतंत्र परवाने यांमुळे रुग्णालये व औषधविक्रेते हे औषध ठेवण्यास कचरत. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वेगळा वर्ग निर्माण केला, देशभर एकसमान नियम लागू केले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना अशी औषधे ठेवणे सुलभ केले. तरीही व्यसन लागेल ही रुग्णाची व कुटुंबीयांची भीती आणि डॉक्टरांचे अपुरे प्रशिक्षण हे अडथळे कायम आहेत. वैद्यकीय देखरेखीखाली वेदनेसाठी योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फीनमुळे कर्करुग्णांना व्यसन लागण्याचे प्रमाण अत्यल्प असते.

कुटुंबाची भूमिका

भारतात अंत्यावस्थेतील रुग्णाची शुश्रूषा प्रामुख्याने घरातच होते आणि तिचा भार बहुधा घरातील स्त्रियांवर पडतो. जखम स्वच्छ करणे, नळीवाटे अन्न देणे, शय्याव्रण टाळण्यासाठी रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलणे, औषधांच्या वेळा पाळणे ही कामे शिकवल्यास सामान्य कुटुंबीयही ती नीट करू शकतात. मुखाच्या कर्करोगात जखमेला येणाऱ्या दुर्गंधीमुळे रुग्ण स्वतःहून इतरांपासून दूर राहू लागतो व नातलगांचे येणेही कमी होते. जखमेवर मेट्रोनिडॅझोलची भुकटी वापरल्यास ही दुर्गंधी बरीच आटोक्यात येते. अशा साध्या उपायाने रुग्णाचे माणसांतील स्थान परत मिळू शकते, हे उपशामक सेवेच्या कार्यपद्धतीचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

निदान रुग्णापासून लपवण्याची प्रथा हा या क्षेत्रातील मोठा नैतिक प्रश्न आहे. ‘त्यांना सांगू नका, ते खचतील’ अशी विनंती नातेवाईक डॉक्टरांना करतात. पुष्कळदा रुग्णाला आपली अवस्था उमगलेली असते. मात्र घरच्यांना दुःख नको म्हणून तोही गप्प राहतो. या परस्पर मौनामुळे मालमत्तेची व्यवस्था, मुलांची जबाबदारी, कोणाला भेटायचे आणि अखेरचे दिवस कोठे घालवायचे हे निर्णय रुग्णाच्या सहभागाविना होतात किंवा राहूनच जातात. त्यामुळे उपशामक सेवेत सत्य एकदम न सांगता रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे हे आधी विचारावे व त्यानुसार टप्प्याटप्प्याने सांगावे, अशी पद्धत अवलंबली जाते.

उपचारांचा खर्च हा दुसरा प्रश्न होय. लाभाची शक्यता नसतानाही शेती विकून किंवा कर्ज काढून उपचार चालू ठेवले जातात. उपचार थांबवणे म्हणजे माणसाला सोडून देणे, अशी समजूत त्यामागे असते. रोगावरील उपचार थांबले तरी शुश्रूषा थांबत नाही, हे कुटुंबाला पटवणे उपशामक सेवेचे महत्त्वाचे काम ठरते.

नागपूर आणि विदर्भ

विदर्भासह मध्य प्रदेश, छत्तीसगड व तेलंगणातील सीमावर्ती जिल्ह्यांतील रुग्ण उपचारांसाठी नागपुरात येतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कॅन्सर रिलीफ सोसायटीचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि वर्धा मार्गावरील जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था ही शहरातील कर्करोग उपचारांची प्रमुख केंद्रे आहेत. ‘स्नेहांचल’ ही संस्था अंत्यावस्थेतील कर्करुग्णांच्या शुश्रूषेचे काम करते.

या भागात सुपारी, तंबाखू व चुना यांच्या मिश्रणाचा ‘खर्रा’ मोठ्या प्रमाणावर खाल्ला जातो. तंबाखू व सुपारी ही दोन्ही कर्करोगकारक असून मुखाचा कर्करोग हा येथील पुरुषांमध्ये प्रामुख्याने आढळणारा कर्करोग आहे. निदान उशिरा झालेल्या रुग्णांत बोलणे, गिळणे व तोंड उघडणे अवघड होते. त्यामुळे त्यांना वेदनाशमनाबरोबर आहार व जखमेच्या शुश्रूषेचीही गरज असते. विदर्भात सिकलसेल आजाराचेही प्रमाण लक्षणीय आहे. त्यातील तीव्र वेदनांचे झटके हाही उपशामक सेवेच्या कक्षेत येणारा विषय आहे.

अंतर ही येथील खास अडचण आहे. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा नागपूरपासून ३०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. गावी परतलेल्या रुग्णाला मॉर्फीनसाठी पुन्हा शहर गाठावे लागल्यास सेवेचा हेतूच विफल होतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रे, परिचारिका व आशा कार्यकर्त्या यांच्यामार्फत घरापर्यंत सेवा नेण्यावर भर दिला जातो.

कायदेशीर बाजू

उपशामक सेवा आणि इच्छामरण या भिन्न गोष्टी आहेत. उपशामक सेवेत मृत्यू घडवून आणला जात नाही अथवा तो यंत्रांच्या साहाय्याने लांबवलाही जात नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्यासंबंधीची पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. परंतु उच्च न्यायालयाच्या संमतीने जीवरक्षक उपचार काढून घेण्यास तत्त्वतः मान्यता दिली. शानबाग यांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचे मत न्यायालयाने निर्णायक मानले.

९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात सन्मानाने मरण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद २१ चा भाग ठरवण्यात आला आणि वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने त्याची कार्यपद्धती सोपी झाली. त्यानुसार दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करता येते. उपचार थांबवण्याचा निर्णय रुग्णालयाच्या दोन वैद्यकीय मंडळांच्या संमतीने होतो.

चित्रपट आणि माहितीपट

असाध्य आजाराला सामोऱ्या जाणाऱ्या कुटुंबांवरील माहितीपटांनी या विषयाच्या जनजागृतीत मोठी भर घातली. फ्रेडरिक वाइजमन यांचा ‘निअर डेथ’ (१९८९) हा सुमारे सहा तासांचा माहितीपट बॉस्टनमधील अतिदक्षता विभागात चित्रित झाला. अ‍ॅलन किंग यांच्या ‘डाइंग अ‍ॅट ग्रेस’ (२००३) मध्ये टोरंटोच्या रुग्णालयातील पाच रुग्णांचे अखेरचे दिवस दिसतात. ‘अ लायन इन द हाउस’ (२००६) हा कर्करोगग्रस्त मुलांच्या पाच कुटुंबांवर, तर ‘एंड गेम’ (२०१८) हा सॅन फ्रान्सिस्को येथील उपशामक सेवेवर आधारित आहे. डॉ. राजगोपाल यांच्या कार्यावर ‘हिपोक्रॅटिक’ (२०१७) हा माहितीपट निघाला.

मराठीत संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (२००४) हा कथापट या प्रश्नाच्या जवळ जातो. डोळ्याच्या कर्करोगामुळे दृष्टी गमावणार असलेल्या नातवाला हे सत्य कसे सांगावे, हा त्यातील आजोबांपुढचा पेच आहे. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

अशा माहितीपटांच्या निर्मितीत संमतीचा प्रश्न कळीचा असतो. आजार वाढल्यावर रुग्णाची निर्णयक्षमता बदलते, मृत्यूनंतर संमती मागे घेण्याचा मार्ग उरत नाही आणि चित्रण कुटुंबीयांसोबत कायम राहते. म्हणून संमती एकदाच न घेता चित्रीकरणाच्या प्रत्येक टप्प्यावर पुन्हा विचारणे, कॅमेरा बंद करण्याचा अधिकार रुग्णाकडे ठेवणे आणि प्रदर्शनापूर्वी चित्रफीत कुटुंबीयांना दाखवणे, हे उचित मानले जाते.