रूळ जुळले, पण फाटक कुणाच्या हाती?

१/ विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून जबलपूरकडे सातपुड्यातून नॅरोगेज मार्ग नेला. मुंबई-हावडा मार्गाच्या रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर, तर याचे अवघे ७६२. एका मार्गावरचा डबा दुसऱ्यावर धावणे अशक्य. माल गोंदियात उतरवून पुन्हा भरावा लागे.

२/ मोबाइल आणि संगणक यांच्यातही असाच भेद होता. मोबाइल प्रामुख्याने एआरएम प्रोसेसरवर, तर डेस्कटॉप एक्स८६वर चालत. दोहोंच्या यंत्राज्ञा निराळ्या.

३/ २०११ मध्ये आलेल्या ब्लूस्टॅक्सने संगणकातच आभासी मोबाइल उभा केला. एआरएमच्या आज्ञांचे भाषांतर करावे लागे. हा माल उतरवण्याचाच प्रकार. त्यात वेग आणि मेमरी खर्ची पडे.

४/ २०२० मध्ये ॲपलने एम१ चिप आणून मॅकचाच गेज बदलला. आयफोनची ॲप्स भाषांतराविना मॅकवर चालू लागली. मात्र विकसकाची संमती असेल तरच.

५/ मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विंडोज ११ साठी अँड्रॉइड ॲप्सची सोय जाहीर केली आणि ५ मार्च २०२५ रोजी तिचा आधार काढून घेतला.

६/ गोंदिया-जबलपूर मार्ग पुढे ब्रॉडगेज झाला आणि तिथली चढउतार संपली. संगणकाच्या जगात मात्र रूळ जुळल्यावरही फाटक उघडे ठेवायचे की नाही, हे कंपन्याच ठरवतात.