दोन कुलपांची दारू

केंटकीतल्या व्हिस्कीच्या गोदामांना पूर्वी दोन कुलपं असत. एक मालकाचं, एक सरकारचं. दोन्ही किल्ल्या हजर असल्याशिवाय दार उघडत नसे. सरकारी किल्लीवाल्याला ‘स्टोअरकीपर-गेजर’ म्हणत. पिंप आत जाताना मोजायचं, बाहेर येताना मोजायचं आणि मधल्या वर्षांत किती घट आली ते वहीत मांडायचं, हे त्याचं काम. १९८०च्या सुमारास ही पद्धत मोडीत निघाली. राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नोकरीत, उसाच्या पट्ट्यातल्या मळीच्या डिस्टिलऱ्यांवर माझ्याकडेही अशीच एक किल्ली असे. त्यामुळे निवृत्तीनंतर मुलीकडे लुईव्हिलला राहायला गेलो, तेव्हा या गेजरांच्याच मागे लागलो. इथल्या व्हिस्कीवर, म्हणजे बर्बनवर, लिहिणारे चवीवर लिहितात: व्हॅनिला, मध, जळका पाक. त्यातलं मला फारसं कळत नाही. घट कळते, प्रूफ (म्हणजे दारूची तीव्रता) कळतं, कर कळतो. आणि बर्बनची आजची चव ओकच्या लाकडाइतकीच करखात्यानेही घडवली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

केंटकीचा शेतकरी मक्याची दारू गाळायचा, कारण मका डोंगरापलीकडे नेऊन विकणं परवडत नसे. दारू पाण्यासारखी पांढरी निघायची आणि तशीच विकली जायची. पिंप हे तेव्हा नुसतं भांडं होतं. त्यातून खिळे जात, पीठ जाई, खारवलेलं मांस जाई. सपाट तळाच्या होड्यांतून ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या वाटेने माल न्यू ऑर्लिन्सला पोचे. पिंप आतून जाळायची अक्कल पहिल्यांदा कोणाला सुचली? इलायजा क्रेग या बाप्टिस्ट पाद्र्याचं नाव सगळीकडे ऐकवतात, पण त्याला पुरावा नाही. दारूबंदीवाल्यांच्या तोंडावर फेकायला एक पाद्री हाताशी असणं धंद्याला सोयीचं होतं, एवढं मला दिसतं. त्यापेक्षा १८२६ चं एक पत्र मला भरवशाचं वाटतं. लेक्सिंग्टनच्या एका किराणा व्यापाऱ्याने बर्बन काउंटीतल्या जॉन कॉर्लिस या डिस्टिलरला कळवलं होतं, की पिंपं आतून थोडी जाळलीत तर माल बराच सुधारेल. पाद्र्यापेक्षा किराणावाला. त्याला गिऱ्हाईक काय मागतं ते ठाऊक होतं.

पिंपं बनवण्याच्या कारखान्यात जुन्या पिंपाची एक फळी हातात घेऊन पाहिली. आतल्या बाजूने कोळसा, सुसरीच्या पाठीसारखा भेगाळलेला. बोट फिरवलं की काळं होतं. कोळशाच्या खाली काही मिलिमीटरवर तांबूस रेघ, आणि तिच्यापलीकडे कोरं पांढरं लाकूड. व्हिस्की लाकडात कुठवर शिरली होती, ते ही रेघ सांगते. ओकला आच लागली की त्यातली साखर करपते आणि लिग्निन फुटून व्हॅनिलिन तयार होतं. वरचा कोळसा कच्च्या दारूतला गंधकाचा उग्र वास शोषून घेतो. हे सगळं जमतं ते अमेरिकन पांढऱ्या ओकमुळे. त्याच्या गाभ्यातल्या नळ्या निसर्गतःच बुजलेल्या असतात, म्हणून पिंप गळत नाही. तांबड्या ओकचं पिंप केलं तर दारू नळ्यांतूनच बाहेर येईल. जाळायला फार वेळ लागत नाही. सर्वांत खोल जळणाची, चौथ्या क्रमांकाची पिंपं मिनिटभराच्या आत आगीतून बाहेर येतात.

आता कर. १८६२ साली यादवी युद्धाच्या खर्चासाठी गॅलनमागे २० सेंट कर बसला. १८६५ मध्ये तो २ डॉलर झाला, म्हणजे दसपट. एवढा कर बसला की काय होतं ते सांगायला मला कुठलं पुस्तक लागत नाही. १८७५ मध्ये ‘व्हिस्की रिंग’ उघडकीला आली. सेंट लुइसचे डिस्टिलर, गेजर, करवसुलीचे अधिकारी, सगळ्यांची साखळी होती. धागा थेट राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या सचिवापर्यंत, ऑर्व्हिल बॅबकॉकपर्यंत गेला. तो खटल्यातून सुटला. कुलपं दोन असून भागत नाही, किल्लीवाले दोन राहावे लागतात.

पण मुरण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळाच: कर कधी भरायचा? दारू गाळली त्या दिवशीच भरायचा म्हटलं, तर चार वर्षं पिंपात ठेवणाऱ्याचा पैसा चार वर्षं अडकतो, आणि उडून गेलेल्या दारूवरही कर बसतो. म्हणून बॉण्ड. माल सरकारी कुलपात असेपर्यंत कर थांबलेला. ही मुदत १८६८ मध्ये एक वर्ष होती, १८७९ मध्ये तीन झाली, १८९४ मध्ये आठ. १८८० मध्ये केंटकीचे काँग्रेस सदस्य जॉन कार्लाइल यांनी घटीची सूट मिळवून दिली: ठरलेल्या मर्यादेपर्यंत उडालेल्या दारूवर कर नाही. कागदावर दोन ओळींची सवलत, पण तिच्यामुळेच जुनी व्हिस्की करणं परवडू लागलं. त्याच सुमारास, १८७९ मध्ये, लुईव्हिलच्या फ्रेडरिक स्टिट्झेलने पिंपांच्या लाकडी मांडणीचं पेटंट घेतलं. पिंपावर पिंप न रचता प्रत्येक रांग आपल्या कड्यांवर ठेवायची, म्हणजे हवा खेळते आणि गळकं पिंप बाकीच्यांना न हलवता काढता येतं.

बाजारात मात्र भेसळवाल्यांचं राज्य होतं. कच्च्या स्पिरिटमध्ये रंग आणि सुकलेल्या आलुबुखाराचा रस घालून ‘जुनी’ व्हिस्की तयार व्हायची. (आमच्याकडे मळीच्या स्पिरिटला कॅरमेलने रंग येतो, तेव्हा नाक मुरडायचं मला कारण नाही.) फ्रँकफर्टचे डिस्टिलर कर्नल ई. एच. टेलर आणि आता अर्थमंत्री झालेले तेच कार्लाइल यांनी १८९७ मध्ये ‘बॉटल्ड-इन-बॉण्ड’ कायदा करवून घेतला. एकच डिस्टिलरी, एकच हंगाम, सरकारी कुलपात किमान चार वर्षं, १०० प्रूफ, आणि बाटलीच्या तोंडावर सरकारी पट्टी. खाण्यापिण्याच्या शुद्धतेचा देशव्यापी कायदा व्हायला तिथे अजून नऊ वर्षं होती.

१९२० च्या दारूबंदीत उरलेली पिंपं मोजक्या गोदामांत गोळा करून कुलपात घातली. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून थोडी विकली जाई. बाकीची मुरत राहिली, गरजेपेक्षा जास्त. बंदी उठल्यावर १९३० च्या दशकातल्या नियमांनी आजची अट घातली: आतून जाळलेलं, नवंकोरं ओक. एकदा वापरलेल्या पिंपातून पुन्हा बर्बन काढता येत नाही. याच अटीमुळे रिकाम्या पिंपांचा जुना बाजार उभा राहिला आणि स्कॉटलंडवाले त्याचे मोठे गिऱ्हाईक झाले. पुढे बॉण्डची मुदत १९५८ मध्ये वीस वर्षं झाली. शेन्ली कंपनीच्या लुइस रोझेनस्टीलने कोरियन युद्धाच्या काळात अफाट साठा करून ठेवला होता आणि तो खपत नव्हता. या बदलासाठी त्याने वॉशिंग्टनमध्ये जिवाचं रान केलं. वीस-वीस वर्षांच्या बर्बनच्या बाटल्या आज लोक तिजोरीत ठेवतात. त्यांची वाट एका माणसाच्या न खपलेल्या मालाने मोकळी केली, हे कोणी लेबलवर लिहीत नाही.

घटीचं सांगतो, माझा विषय. पिंप सुमारे दोनशे लिटरचं. केंटकीत वर्षाला साधारण तीन ते पाच टक्के उडतं. स्कॉटलंडच्या थंडीत दोनच्या आसपास. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, हिवाळ्यात आकसून परत येते. वरच्या मजल्यावर उकाडा आणि कोरडी हवा, तिथे पाणी दारूपेक्षा जास्त उडतं आणि प्रूफ चढतं. तळमजल्यावर उलट. गोदामात ठेवलेल्या मालाचं प्रूफ आपोआप वाढलं, असा अहवाल मी वर पाठवला असता तर माझीच चौकशी लागली असती! उडालेल्या दारूवर एक काळी बुरशी पोसली जाते, बॉडोइनिया नावाची. गोदामांच्या भिंती, आसपासची झाडं, शेजाऱ्यांची छपरं, सगळं काजळी धरल्यासारखं दिसतं, आणि त्यावरून शेजाऱ्यांनी दावेही लावले आहेत.

बर्बनची ही वापरलेली पिंपं गोव्यातही येतात. कुंकळ्ळीच्या पॉल जॉन डिस्टिलरीत बार्लीची सिंगल माल्ट बर्बनच्या रिकाम्या पिंपांत मुरते. तिथे वर्षाची घट आठ टक्क्यांच्या आसपास सांगतात, म्हणजे केंटकीच्या जवळजवळ दुप्पट; व्हिस्की पाच-सहा वर्षांतच तयार होते.

केंटकीत आज माणसांपेक्षा पिंपं कितीतरी जास्त आहेत: लोकसंख्या पंचेचाळीस लाख, पिंपं दीड कोटीच्या घरात. गोदामात मुरणाऱ्या प्रत्येक पिंपावर तिथे दरवर्षी मालमत्ता कर लागतो. उत्पादकांनी बरीच वर्षं त्याविरुद्ध आरडाओरडा केला आणि २०२३ च्या कायद्याने हा कर २०२६ पासून टप्प्याटप्प्याने कमी होत २०४३ पर्यंत संपायचा आहे. ज्या काउंट्यांच्या शाळा आणि अग्निशमन दलं या पैशावर चालतात, त्यांनी विरोध केला. गोदामं आमच्या गावात, पेटलं तर आमचेच बंब धावणार, असं त्यांचं म्हणणं. १९९६ मध्ये बार्ड्सटाउनला हेवन हिल डिस्टिलरीची सात गोदामं एका दिवसात जळाली, नव्वद हजारांवर पिंपं गेली आणि पेटती व्हिस्की उतारावरून वाहत होती. त्यामुळे या वादात माझं मत काउंट्यांच्या बाजूने आहे.