रोजीची तवारीख

काही वर्षांपूर्वी एका शिक्षण संस्थेच्या निवड समितीवर मी होतो. कारकुनाच्या एका जागेसाठी आलेल्या अर्जांत एक अर्ज तृतीयपंथीय उमेदवाराचा होता. बी. कॉम., मराठी-इंग्रजी टंकलेखन, हिशेबाचा अनुभव. कागदपत्रांत कसलीही खोट नव्हती. एक सदस्य म्हणाले, "पालक काय म्हणतील?" दुसरे म्हणाले, "त्या लोकांचा धंदा वेगळा असतो." अर्ज बाजूला पडला. मी काही बोललो नाही.

आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस मी. ‘त्या लोकांचा धंदा’ कोणी ठरवला, केव्हा ठरवला, हे निदान मला ठाऊक असायला हवे होते. राहिलेल्या नमाजाची कजा अदा करतात, तसा हा लेख आहे.

अकबराच्या दरबारात फूल मलिक नावाचा एक ख्वाजासरा होता. आधी तो सूर घराण्याच्या चाकरीत होता. अकबराने त्याला इतिमाद खान हा किताब दिला आणि खालसा मुलखाच्या महसुलाचा विस्कटलेला कारभार त्याच्या हाती सोपवला. त्याने खर्चाला शिस्त लावली, खजिना सावरला. तोडरमलचे नाव शाळकरी मुलालाही माहीत असते. त्याच्या आधी ही घडी बसवू पाहणाऱ्या इतिमाद खानाचे नाव मात्र पाठ्यपुस्तकात सापडत नाही. पुढे तो भक्करचा सुभेदार झाला आणि १५७८ मध्ये मारला गेला. औरंगजेबाच्या पदरचा बख्तावर खान हा असाच ख्वाजासरा. ‘मिरात-उल-आलम’ हा इतिहासग्रंथ त्याच्या नावावर आहे. आपल्या दख्खनकडे पाहिले तरी तेच दिसते. अलाउद्दीन खिलजीची फौज घेऊन १३०८ मध्ये देवगिरीवर आलेला मलिक काफूर ख्वाजासराच होता, आणि विजापूरच्या देखण्या इब्राहिम रोजाच्या शिलालेखात ज्या मलिक संदलचे नाव आहे तोही.

इथे एक खुलासा केला पाहिजे. ख्वाजासरा, जुन्या मराठीतला खोजा, म्हणजे आजची ट्रान्सजेंडर व्यक्ती नव्हे. बहुतेक ख्वाजासरा लहानपणी खच्ची केलेले, विकले गेलेले गुलाम होते. त्यांना कोणी विचारले नव्हते. सिल्हेटकडे काही लोक महसुलाच्या बदल्यात आपली मुलेच खच्ची करून देत, असे जहांगीरने स्वतः आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे आणि ही प्रथा बंद करण्याचा हुकूमही काढला. तेव्हा त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट या तवारिखेतून निर्विवाद सिद्ध होते. पुरुष किंवा स्त्री या दोन खणांत न बसणारा देह घेऊन माणूस जमाबंदी करू शकतो, फौज चालवू शकतो, इमारत उभी करू शकतो, ग्रंथ लिहू शकतो. प्रश्न कुवतीचा कधीच नव्हता.

मग दार कुठे बंद झाले?

अवधमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ख्वाजासरांच्या हाती मोठा कारभार होता. अल्मास अली खान नवाबाच्या मुलखातल्या फार मोठ्या भागाचा महसूल वसूल करीत असे. फैजाबादच्या बहू बेगमचा कारभार पाहणारे जवाहर अली खान आणि बहार अली खान यांना वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, १७८२ मध्ये, खजिन्यासाठी कैद करून छळण्यात आले. हेस्टिंग्जवर पुढे पार्लमेंटमध्ये जो खटला चालला त्यात अवधच्या बेगमांचे हे प्रकरणही होते. कंपनी सरकारच्या नजरेत ख्वाजासरा म्हणजे भ्रष्ट दरबाराची निशाणी. १८५६ मध्ये अवध खालसा झाले आणि दरबाराबरोबर त्यांच्या जागाही गेल्या.

हिजडा जमातीची रोजी दरबारातली नव्हती, गल्लीतली होती. लग्नाच्या आणि जन्माच्या घरी नाचगाणे, बधाई, दुवा. मराठी मुलखात तर या रोजीला सरकारी मान्यता होती. काही हिजड्यांकडे गावोगाव धान्य आणि पैसा गोळा करण्याचे परंपरागत हक्क होते, क्वचित इनामजमीनही होती, आणि हा हक्क गुरूकडून चेल्याकडे जात असे. इंग्रज अधिकाऱ्यांना हे पटेना. असल्या लोकांना सरकारने सनदेने पोसायचे कसे, असा त्यांचा सवाल होता. मुंबई सरकारने हे हक्क पुढच्या पिढीकडे जाऊ देण्यास नकार दिला. इनामांच्या चौकशीसाठी झालेल्या १८५२ च्या कायद्यातही सार्वजनिक सभ्यतेला बाध आणणारे इनाम चालू ठेवायचे नाही, अशी तरतूद आली. महार-रामोशांची वतने, पीरजादे-मुजावरांची इनामे यांच्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. हिजड्यांच्या गेलेल्या हक्काबद्दल मराठीत क्वचितच कोणी लिहिले.

खरा घाव १८७१ चा. त्या वर्षीचा गुन्हेगार जमातींचा कायदा आपल्याकडे भटक्या-विमुक्तांच्या संदर्भात सर्वांना माहीत आहे. त्याचा दुसरा भाग मात्र ‘युनक’ म्हणजे हिजड्यांसाठी होता. नपुंसक असल्याचे स्वतः कबूल करणारा किंवा वैद्यकीय तपासणीत तसा ठरणारा पुरुष, अशी व्याख्या करून कायद्याने ख्वाजासरा आणि हिजडा दोघांनाही एकाच शब्दात कोंबले. वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात संशयितांची नोंदवही सुरू झाली. नोंद झालेल्या व्यक्तीने बायकी पोशाखात रस्त्यावर दिसणे किंवा पैसे घेऊन नाचणे-गाणे हा गुन्हा ठरला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सोळा वर्षांखालचा मुलगा घरात ठेवता येईना. दत्तक घेणे, बक्षीसपत्र करणे, मृत्युपत्र करणे बंद. म्हणजे गुरूची कमाई चेल्याला देण्याची कायदेशीर वाटही बंद. ही जमात हळूहळू नामशेष व्हावी, हा हेतू अधिकाऱ्यांनी आपल्या पत्रव्यवहारात लपवलेला नाही.

हे फक्त इंग्रजांनी केले असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथे निजामाच्या सरकारने १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ च्या सुमारास, असाच कायदा केला. नोंदवही तशीच, पोशाखावर अटक तशीच. तेलंगणात तो पुस्तकात तसाच पडून होता. जुलै २०२३ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.

दरबारची नोकरी गेली, गावचा हक्क गेला, नाचगाणे गुन्हा झाले. उरली भीक आणि देहविक्रय. मग आपण म्हणू लागलो, त्या लोकांचा धंदाच तो!

१९५२ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला, नजर मात्र तीच राहिली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ निकालात तृतीयपंथीयांना नागरिक म्हणून स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि नोकरी-शिक्षणात राखीव जागा देण्यास सांगितले. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात ४,८७,८०३ लोक नोंदले गेले होते, त्यांपैकी ४०,८९१ महाराष्ट्रातले. साक्षरता ५६ टक्के, देशाच्या ७४ टक्क्यांहून बरीच कमी. २०१५ मध्ये मानबी बंदोपाध्याय पश्चिम बंगालमध्ये महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. तामिळनाडूत के. पृथिका याशिनी यांचा अर्ज पोलीस भरतीत नाकारला गेला होता. मद्रास उच्च न्यायालयात जाऊन त्या फौजदार झाल्या. महाराष्ट्रात २०२२ पर्यंत पोलीस भरतीच्या अर्जात त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. तो ठेवायलाही मुंबई उच्च न्यायालयाला सरकारचे कान उपटावे लागले. १८७१ मध्ये यांची नोंद ठेवायला स्वतंत्र वही उघडता आली, आणि नोकरी द्यायची वेळ आली तेव्हा साध्या अर्जात एक चौकोन सापडेना.

रकाना मिळाला म्हणजे रोजी मिळाली असेही नाही. २०१७ मध्ये कोची मेट्रोने २३ तृतीयपंथीयांना कामावर घेतले. देशभर कौतुक झाले. पण काही जणींना थोड्याच दिवसांत नोकरी सोडावी लागली. कारण काम नव्हते, घर होते. भाड्याने खोली कोणी देईना, आणि लॉजचे रोजचे भाडे पगारात बसेना. २०१९ च्या कायद्याने नोकरीत भेदभावाला मनाई केली. तरीही दोन खाजगी शाळांतून ट्रान्सजेंडर असल्यामुळे डावलल्या गेलेल्या एका शिक्षिकेला थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने तिला भरपाई मंजूर केली.

मोहल्ल्यात खोली नाकारली जाणे म्हणजे काय, हे मुस्लिम वाचकाला मी सांगायला नको. आपले नाव ऐकून घरमालकाचा बदललेला चेहरा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. तोच चेहरा आपण दुसऱ्याला दाखवावा का? मजहबचे कारण पुढे करण्यातही अर्थ नाही. ‘हिदाया’सारख्या हनफी फिकहच्या ग्रंथात जन्मतः लिंग अस्पष्ट असलेल्या खुन्साविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. नमाजाच्या सफेत तो कुठे उभा राहील, वारशात त्याचा हिस्सा किती, याची चर्चा त्यात आहे. मदिनेत हुजूरांच्या रौज्याची खिदमत शतकानुशतके ख्वाजासरांकडे होती. फुकहांनी ज्याला सफेत जागा दिली, त्याला आम्ही कचेरीत खुर्ची देऊ शकलो नाही.

हलाल रोजीचा आग्रह आपण फार धरतो, टाळी वाजवून पैसे मागणाऱ्यांना उपदेशही करतो. उपदेश करणाऱ्याच्या हातात एखादे दुकान असते, कारखाना असतो, शाळा असते, भाड्याने द्यायची खोली असते. त्या समितीत मी एवढेच म्हणायला हवे होते : "कागदपत्रे चांगली आहेत, मुलाखतीला बोलवू या." एक वाक्य. ते मी बोललो नाही. ती जागा नंतर दुसऱ्याने भरली. ज्याला आम्ही बोलावलेच नाही तो उमेदवार आज कुठे आहे, हे मला माहीत नाही.