शंभर योजनांची वाट

मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मनुष्यास वैद्य चालावयास सांगतात, तेव्हा हा उपाय प्रयोगशाळांनी अलीकडेच शोधून काढला असावा, अशी पुष्कळांची समजूत होते. परंतु मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने डल्हणाच्या टीकेसह छापलेली सुश्रुतसंहिता उघडून ज्याने चिकित्सास्थानाचा अकरावा अध्याय वाचला असेल, त्याला ही वाट किती जुनी आहे हे सांगावे लागत नाही. तेथे प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्ररोगाचे, जन्मजात आणि अपथ्यजन्य असे दोन भेद केले असून, दुसऱ्यातील रोगी स्थूल, बहुभोजी आणि गादीस खिळलेला वर्णिला आहे. रोग बळावला म्हणजे त्याने व्यायाम करावा, कुस्ती खेळावी, हत्ती-घोड्यांवरून वा पायी फिरावे. तो निर्धन असल्यास पादत्राण व छत्री यांवाचून, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र काढीत शंभर योजने, म्हणजे चार कोसांच्या हिशेबाने चारशे कोस, चालावे. धनाढ्याने सावे व देवभात खाऊन हरणांच्या संगतीत राहावे. कोणी विहीर खणावी. आणि एवढी कडक ताकीद दिल्यावर तो आचार्य सांगतो की, कृश रोग्याला मात्र सदैव जपावे. रोग एकच असला तरी रोग्याची ऐपत व ताकद पाहून तजवीज करणारी ही दृष्टी मला त्या साऱ्या अध्यायात सर्वांत मोलाची वाटते.

श्रमाने गुण का येतो, याचा उलगडा होण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. जानेवारी 1922 मध्ये टोरांटो येथे रोग्याला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले; आणि त्याच औषधाने जीवदान मिळालेले लंडनचे डॉक्टर रॉबिन लॉरेन्स यांनी 1926 साली दाखवून दिले की, व्यायामाने इन्सुलिनचा प्रभाव वाढतो. पुढे कळले ते असे की, आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातील साखर आत घेतो, आणि श्रम थांबल्यावरही दिवसभर, कधी त्याहून अधिक काळ, इन्सुलिनच्या हुकुमास तो अधिक तत्परतेने मान देतो.

उंबरठ्यावरच्या माणसाचा विचार त्याहूनही उशिरा झाला. 1986 मध्ये चीनच्या दाचिंग शहरात लाखाहून अधिक लोकांची तपासणी होऊन, साखर बिघडू लागलेली परंतु मधुमेह न जडलेली 577 माणसे निवडली गेली. सहा वर्षांनी नेहमीच्याच रीतीने राहिलेल्यांपैकी 67.7 टक्क्यांना रोग जडला, व्यायाम करणाऱ्यांपैकी 41.1 टक्क्यांना. तेथेही श्रमाचे माप ठरविले होते: अर्धा तास सावकाश चालणे म्हणजे एक माप, पाच मिनिटे दोरीच्या उड्या म्हणजेही एकच माप; आणि पन्नाशीच्या आतील, हृदय निरोगी असलेल्यांनी रोज दोन मापे वाढवावीत, बाकीच्यांनी एकच, अशी मुभा होती.