फ्लॉपीच्या मापाची संहिता

जुन्या पोथीची नक्कल करणारा लहिया शेवटी आपले नाव, शक आणि तिथी लिहून मोकळा होतो, आणि मूळ ग्रंथकर्त्याशी काडीचाही संबंध नसलेल्या त्या दोन ओळी पुढे पोथीचा काळ ठरवणाऱ्या अभ्यासकाच्या फार उपयोगी पडतात. यंत्राने केलेल्या प्रतीत असे काही उरत नाही, यंत्र निर्विकारपणे नक्कल करते, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक किती फसवे आहे हे पाहायचे असेल, तर १९९० च्या दशकात तैवान आणि हाँगकाँगमध्ये तयार झालेल्या, व्हिडिओ गेमच्या नकला करणाऱ्या यंत्रांकडे वळावे. विषय साहित्याच्या विद्यार्थ्याला आडवळणाचा वाटेल. पण संहिता, पाठभेद, प्रक्षेप या आपल्या नेहमीच्या शब्दांना तेथे अनपेक्षितपणे काम मिळते.

आपल्याकडे ज्याला मुले सरसकट ‘कॅसेट’ म्हणत ती वस्तू, म्हणजे कार्ट्रिज, प्रत्यक्षात एक छोटा छापील सर्किटचा तुकडा असतो. त्यावरील चिपमध्ये गेमची संहिता कारखान्यातच कायमची कोरलेली असते. ती वाचता येते, बदलता येत नाही. तिची प्रत करण्याची कल्पनाही जुनीच. १९८३ मध्ये अमेरिकेतील जेएसअँडए या कंपनीने अटारीच्या कार्ट्रिजची नक्कल कोऱ्या कार्ट्रिजवर उतरवणारे ‘प्रॉम ब्लास्टर’ नावाचे यंत्र विकायला काढले. ग्राहकाला आपल्या मालकीच्या वस्तूची राखीव प्रत करण्याचा हक्क आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अटारीने दावा लावला आणि शिकागोच्या संघीय न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला. चुंबकीय चकतीवरील मजकूर सहज पुसला जातो, म्हणून तेथे राखीव प्रतीची गरज आहे. कोरलेल्या चिपला ते भय नाही, असे त्या निर्णयामागचे तर्कशास्त्र होते. वाचकांनी हा तर्क लक्षात ठेवावा. पुढे तो उलट्या दिशेने भेटणार आहे.

निन्टेंडोचे सुपर फॅमिकॉम हे यंत्र १९९० च्या अखेरीस जपानमध्ये आले आणि पाठोपाठ त्याच्यासाठीची नक्कलयंत्रेही आली. फ्रंट फार ईस्ट या कंपनीचे ‘सुपर मॅजिकॉम’ आणि नंतरचे ‘सुपर वाइल्ड कार्ड’, बंग कंपनीचे ‘गेम डॉक्टर’, आणि आणखीही काही. रचना साधारण सारखीच. खेळयंत्राच्या खाचेत हा डबा बसवायचा, त्याच्या डोक्यावर मूळ कार्ट्रिज लावायचे. डब्यात तात्पुरत्या स्मृतीच्या चिपा असत आणि साडेतीन इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह असे. कार्ट्रिजमधली संहिता स्मृतीत ओढून घ्यायची आणि तेथून फ्लॉपीवर उतरवायची. खेळताना हाच प्रवास उलटा. वीज गेली की स्मृतीतले सारे पुसले जाई, त्यामुळे खरा साठा फ्लॉपीचाच.

आणि साठ्याचीच कायम ओढाताण होती. कार्ट्रिजचे माप मेगाबिटमध्ये सांगण्याची पद्धत होती. आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट. १९९० चा ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ अवघा ४ मेगाबिटचा. १९९२ चा ‘स्ट्रीट फायटर टू’ १६ मेगाबिटचा, तर १९९४ चा ‘डाँकी काँग कंट्री’ ३२ मेगाबिटचा. चार वर्षांत आठपट! ज्याने उत्साहाने १६ किंवा २४ मेगाबिट स्मृतीचे यंत्र घेतले होते, त्याला नव्या गेमपुढे हात टेकावे लागत, किंवा वाढीव स्मृतीची पट्टी विकत घ्यावी लागे. म्हणजे साठा वाढवण्याची ही खटपट आजच्या हौशी लोकांची नाही. ती या यंत्रांच्या जन्मापासूनची आहे.

फ्लॉपीचा हिशेब तर मोठा मौजेचा. नेहमीच्या फ्लॉपीवर ८० मार्ग, दोन बाजू, दर मार्गावर १८ विभाग आणि दर विभागात ५१२ बाइट, म्हणजे एकूण १४,७४,५६० बाइट मावतात. १२ मेगाबिटचा गेम मात्र १५,७२,८६४ बाइटचा, थोडक्यात हुकतो. यावर उपाय असा, की दर मार्गावर १८ ऐवजी २० विभाग दाटीवाटीने बसवायचे. मग तीच चकती १६,३८,४०० बाइट सामावते आणि १२ मेगाबिटचा गेम तिच्यात बसतो. ३२ मेगाबिटचा गेम १२, १२ आणि ८ असे तुकडे करून तीन चकत्यांवर. हे तुकडे गेमच्या आशयाला धरून पडत नसत. एखादे गाणे अर्ध्यावर तुटे, एखाद्या पात्राच्या चित्राचा अर्धा भाग पुढच्या चकतीवर जाई. अध्याय, सर्ग, कांड यांच्या सीमा ग्रंथकर्ता ठरवतो. येथे त्या चकतीच्या मापाने ठरल्या. ताडपत्राची लांबी ओळीची लांबी ठरवते, त्यातलाच हा प्रकार.

तुकडे पाडले म्हणजे ते पुन्हा जोडण्यासाठी यंत्राला काही खुणा हव्यात. म्हणून ‘सुपर मॅजिकॉम’ आणि ‘सुपर वाइल्ड कार्ड’ प्रत्येक फाइलीच्या आरंभी आपले ५१२ बाइट जोडत. त्यात आकार किती, संहितेची मांडणी कोणत्या प्रकारची, आणखी तुकडा आहे की हाच शेवटचा, एवढी माहिती असे. बाकी बहुतेक जागा शून्यांनी भरलेली. मूळ कार्ट्रिजमध्ये यातले अक्षरही नाही. हा शुद्ध प्रक्षेप आहे, पण तो लहियाच्या पुष्पिकेसारखा प्रामाणिक प्रक्षेप आहे, कारण तो आपला उगम लपवीत नाही. पुढे संगणकावर हे गेम चालवणारी अनुकरण-सॉफ्टवेअरे आली तेव्हा याच फाइली सर्वत्र फिरत होत्या, आणि त्यांच्या नावामागचे ‘एसएमसी’ हे शेपूट आजही टिकून आहे. ते ‘सुपर मॅजिकॉम’चेच लघुरूप. यंत्र कधीही न पाहिलेल्या लाखो लोकांनी त्याचे नाव रोज वापरले.

‘गेम डॉक्टर’ची तऱ्हा निराळी. एका विशिष्ट मांडणीचे गेम उतरवताना ते आतल्या खंडांचा क्रमच बदलून टाकी. मजकूर सगळा शाबूत, पण पोथीची पाने वेगळ्या क्रमाने ओवलेली.

आता नक्कल करणारा संहितेला कळतो का, हा प्रश्न. पोथीला तो कळण्याची सोय नाही. गेमला होती! नक्कलयंत्रांत खेळाडूची प्रगती साठवण्यासाठी सहसा ३२ किलोबाइटची स्मृती असे. खऱ्या कार्ट्रिजमध्ये बहुधा त्याहून कमी. गेमने स्वतःच ही स्मृती मोजून पाहिली आणि ती अपेक्षेहून मोठी निघाली, की आपण नकलेत आहोत हे तिला समजे. ‘डाँकी काँग कंट्री’ अशा वेळी सूचना दाखवून थांबतो. १९९५ मध्ये अमेरिकेत आलेला ‘अर्थबाउंड’ अधिक कपटी. इशाऱ्याचा पडदा कोणी काढून टाकला तरी पुढच्या तपासण्या आत दडलेल्या असत. त्या लागल्या की वाटेत शत्रूंची संख्या बेसुमार वाढे, आणि इतके करूनही कोणी नेटाने अखेरच्या लढाईपर्यंत पोहोचलाच, तर गेम गोठे आणि साठवलेली सगळी प्रगती पुसून टाकी. लबाड वाचकासाठी वेगळा, शोकान्त पाठ लिहून ठेवणारी दुसरी संहिता मला तरी माहीत नाही. साठा जास्त असणे हाच येथे चोरीचा पुरावा ठरला, ही गंमत वेगळीच.

१९९६ मध्ये निन्टेंडो ६४ आले आणि फ्लॉपी कालबाह्य झाली. बंगच्या ‘डॉक्टर व्ही६४’ मध्ये सीडीचा ड्राइव्ह होता आणि १२८ मेगाबिटची स्मृती, जी २५६ पर्यंत वाढवता येई. १९९८ च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’ला ती वाढ लागेच. प्रतिस्पर्धी ‘झेड६४’ ने आयोमेगाची १०० मेगाबाइटची झिप चकती निवडली. अधिकृत विकासयंत्रणा न परवडणारे छोटे प्रोग्रामर ‘व्ही६४’ वर आपले लेखन तपासून पाहत, हेही नोंदवायला हवे. प्रत्येक नक्कलयंत्र केवळ चोराच्या घरी नव्हते. निन्टेंडोने बंगवर खटले भरले आणि दशकाच्या अखेरीस त्या कंपनीचा कारभार आटोपला.

या दोन यंत्रांनीही आपापली खूण ठेवली. निन्टेंडो ६४ च्या संहितेचा आरंभ ८० ३७ १२ ४० या चार बाइटनी होतो आणि ‘झेड६४’ तो तसाच उतरवते. ‘व्ही६४’ मात्र बाइटच्या प्रत्येक जोडीत अदलाबदल करते, त्यामुळे तेथे आरंभ ३७ ८० ४० १२ असा दिसतो. ‘मनोगत’ हा शब्द ‘नोमतग’ असा लिहावा, तसे. जोडीने उलटवले की मूळ पाठ मिळतो, म्हणून हा दोष नव्हे, लिपीभेद म्हणावा.

आज ही यंत्रे संग्राहकांकडे आहेत आणि त्यांचे सर्वांत दुबळे अंग म्हणजे नेमका साठा. सोनीने २०११ च्या मार्चमध्ये जपानमधील साडेतीन इंची फ्लॉपीची विक्री थांबवली. १९९३ च्या चकत्यांचा लेप उडतो, ड्राइव्हचे डोके मळते. १९८३ च्या न्यायालयाचे म्हणणे खरे ठरले: कोरलेली मूळ कार्ट्रिजे अजून धडधाकट आहेत, नकला मात्र मरत आहेत. म्हणून जुना ड्राइव्ह काढून त्याच ३४ तारांच्या पट्टीवर ‘गोटेक’ नावाचा स्वस्त चिनी डबा जोडतात. तो मुळात फ्लॉपीवर चालणाऱ्या भरतकाम यंत्रांसारख्या औद्योगिक यंत्रांसाठी विकला जाई. पेन ड्राइव्हवरील फाइलीला तो फ्लॉपी म्हणून यंत्रापुढे उभी करतो. कीर फ्रेझर यांनी लिहिलेले ‘फ्लॅशफ्लॉपी’ हे मुक्त सॉफ्टवेअर त्यात घातले की २० विभागांची ती दाटीवाटीची चकतीही त्याला उमगते. छोटा कर्णा जोडल्यास जुन्या ड्राइव्हची कुरकुरही ऐकवतो. हा हट्ट कशासाठी, ते ज्याचे त्याने ठरवावे. ‘झेड६४’ चे काम आणखी सोपे: झिप ड्राइव्हच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड, कारण दोघांची विद्युतभाषा एकच.

या सुधारणेला माझी हरकत नाही, पण तिच्या घाईला आहे. ड्राइव्ह बदलणारा माणूस जुन्या चकत्यांची पेटी सहसा निरुपयोगी समजतो. गेमची संहिता तर इतरत्र शुद्ध रूपात आहेच, मग या कशाला? पण त्या चकत्यांवर गेमखेरीज पुष्कळ काही असते: नकला फोडणाऱ्या टोळ्यांनी आरंभी जोडलेले नामघोषाचे पडदे, खेळ सोपा करणारे बदल, कुणाच्या अर्धवट खेळाची नोंद. हे पडदे याच यंत्रांवर चालवण्यासाठी लिहिलेले. त्यांचा शुद्ध पाठ कुठल्याही कार्ट्रिजमध्ये मिळणार नाही, कारण येथे प्रक्षेप हाच मूळ पाठ आहे. चकतीची प्रतिमा उतरवून घेईपर्यंत जुना ड्राइव्ह राखायला हवा, आणि तो आत्ताच चालतो तोवर चालतो.

उलट बाजूने, ते ५१२ बाइट काढून टाकावेत असा आग्रह नियर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २०२१ मध्ये निवर्तलेल्या प्रोग्रामरने धरला. मूळ कार्ट्रिजे पुन्हा वाचून पाठ नव्याने सिद्ध करण्याचे मोठे कामही नियरने केले. संपादक म्हणून ही भूमिका बिनतोड आहे. पण व्यवहारात तिने एक गोंधळ निर्माण केला. जपानी गेमचे हौशी इंग्रजी अनुवाद पूर्ण फाइलीच्या रूपात नव्हे, तर ‘अमुक बाइटपासून हे शब्द घाला’ अशा ठिगळांच्या रूपात प्रसिद्ध होत. ‘फायनल फँटसी फाइव्ह’चा असा अनुवाद १९९९ च्या अधिकृत इंग्रजी आवृत्तीच्या आधीच वाचकांच्या हाती होता. अशी कित्येक ठिगळे पुष्पिकेसह मोजलेल्या फाइलीवर बेतलेली आहेत. पुष्पिका काढलेल्या प्रतीवर ती लावली की प्रत्येक शब्द ५१२ बाइट चुकून पडतो आणि गेम सुरूच होत नाही. अनुवाद वाचायचा, तर आधी लहियाची खूण परत जोडावी लागते.

आणि सुधारलेले यंत्रही ती सोडत नाही. ‘सुपर वाइल्ड कार्ड’ला आज ३२ गिगाबाइटचा पेन ड्राइव्ह जोडला, त्यात असे हजारो गेम मावत असले, तरी ‘डाँकी काँग कंट्री’ उतरवताना ते पहिल्या १२ मेगाबिटनंतर थांबते, पुढची चकती घालायला सांगते, आणि गोटेकवरचे बटण दाबून क्रमांक बदलेपर्यंत वाट पाहते.