पेठेतले रेडिओचे दुकान

गावाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे देवस्थान, पाटीलवाडा, शाळा आणि साखर कारखाना यांना जागा मिळते. पेठेतल्या दुकानाला ती सहसा मिळत नाही. किराण्याच्या दुकानावर कोणी काही लिहिलेच, तर दुष्काळाच्या निमित्ताने. पण ज्या दुकानातून गेल्या सत्तर वर्षांत आपल्या घरांत रेडिओ, टेपरेकॉर्डर, दूरदर्शनसंच आणि मोबाइल आले, त्या दुकानाचा इतिहास आम्हांस फार बोलका वाटतो. राहात्यासारख्या तालुक्याच्या गावी हे दुकान आज कठीण काळातून जात आहे. ते टिकेल की नाही हा प्रश्न एकट्या दुकानदाराचा नाही. म्हणून या दुकानाने आजवर नेमके काय विकले, हे पाहण्याचा आमचा विचार आहे. यंत्रे विकली, असे उत्तर कोणीही देईल. ते उत्तर अपुरे आहे, असे आमचे मत आहे.

आपल्या देशात रीतसर नभोवाणी सुरू झाली ती 23 जुलै 1927 रोजी, मुंबईस. ती चालविणारी खाजगी कंपनी तीन वर्षांतच बुडाली आणि सरकारने तो कारभार हाती घेतला. 1947 साली साऱ्या देशात नभोवाणीची अवघी सहा केंद्रे होती, आणि परवाने होते सुमारे पावणेतीन लाख. होय, परवाने! आजच्या तरुणांना हे सांगितले तर खोटे वाटते. पण घरात रेडिओ ठेवावयाचा तर पोस्टात जाऊन वर्षाचे शुल्क भरावे लागे, आणि ते भरले नाही तर तो गुन्हा होता. 1933 सालचा बिनतारी संदेशवहनाचा कायदा त्याच्या मुळाशी होता. नुसत्या गिऱ्हाइकालाच नव्हे, तर विकणाऱ्यालाही परवाना लागे. तेव्हा रेडिओच्या दुकानदाराचे पहिले काम कागदांचे होते. फॉर्म भरून देणे, पोस्टात कुठे जावयाचे ते सांगणे, मुदत संपली की आठवण करणे, ही कामे तो करी आणि त्यांबद्दल वेगळा पैसा मागत नसे. पण त्यामुळे गिऱ्हाईक बांधलेले राही.

आता आपल्या भागाकडे वळू. गोदावरीच्या उजव्या कालव्याचे पाणी आले, ऊस उभा राहिला, पेरूच्या बागा झाल्या. 1950-51 च्या हंगामात लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभारलेला सहकारी साखर कारखाना गाळपास लागला. त्याचे परिणाम अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहेत. आम्ही एकच नोंदवतो. शेतकऱ्याच्या हाती धान्याच्या पैशाहून मोठी रक्कम एकरकमी पडू लागली. उसाचे पेमेंट आणि दिवाळी या दोन वेळा साधल्या की यंत्र विकले जाते, हे दुकानदाराला कोणी शिकवावे लागले नाही. आजही त्याचे वर्ष याच दोन खुंट्यांना टांगलेले असते.

पैसा आला, पण वीज आली नव्हती. व्हॉल्व्हचा रेडिओ बॅटरीवर चालवावयाचा तर मोठा जड कोरड्या बॅटरीचा जोड लागे, नाहीतर मोटारीची सहा व्होल्टची बॅटरी. ती उतरली की जिथे ऑइल इंजिन असेल तिथे सायकलवर घालून न्यायची, चार्ज करून आणावयाची. म्हणजे रेडिओ एकदा विकला की पाच-सात वर्षे घराचा आणि दुकानाचा संबंध त्या बॅटरीच्या दोरीने जोडलेला असे.

1956 सालची एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे, कारण ती आपल्या जिल्ह्याची आहे आणि आपल्याकडेच ती फारशी ठाऊक नाही. त्या वर्षी फेब्रुवारीपासून युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पुणे, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर आणि तेव्हाचा अहमदनगर, अशा पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापण्यात आली. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, शेती आणि गावसुधारणा या विषयांवरचा कार्यक्रम सर्वांनी एकत्र बसून ऐकावयाचा, मग त्यावर चर्चा करावयाची आणि प्रश्न केंद्राकडे कळवावयाचे. दहा आठवडे हे चालले. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने त्याची पाहणी केली, आणि या मंडळांतल्या लोकांच्या माहितीत इतर गावांच्या मानाने चांगलीच भर पडल्याचे आढळले. पुढे 1959 साली त्याचा अहवाल पुस्तकरूपाने निघाला आणि जगभर वाचला गेला. आम्हांला त्यात महत्त्वाचे वाटते ते एवढेच की रेडिओ हे तेव्हा गावाचे यंत्र होते. तो एका ठिकाणी लागे आणि भोवती माणसे जमत.

माणसे शेतीसाठीच जमत, असे मात्र कोणी समजू नये. 1955 सालच्या एप्रिलपासून पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ वर्षभर चालले, छप्पन्न गीते. ज्यांच्या घरी रेडिओ त्यांच्या ओसरीवर शेजारपाजार येऊन बसे. दुसरीकडे त्याच सुमारास नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार केली. केसकर पुण्याचे, अभिरुचीसंपन्न गृहस्थ. शास्त्रीय संगीताचे त्यांनी भले केले, हे मान्यच आहे. परंतु लोकांनी काय केले? सिलोन लावले. सिलोनसाठी शॉर्टवेव्हचा रेडिओ हवा, म्हणून गिऱ्हाईक दुकानात येऊन आधी विचारी, ‘‘यात सिलोन लागतं का?’’ मंत्र्यांच्या धोरणाने शॉर्टवेव्हच्या रेडिओचा खप वाढवावा, हा योग मोठा गमतीचा. अखेर 1957 साली सरकारला विविधभारती काढावी लागली.

1947 च्या डिसेंबरात अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. 1954 साली तेथे खिशातला रेडिओ बाजारात आला आणि साठीच्या दशकात तो आपल्याकडे पोहोचला. मर्फी, बुश, फिलिप्स या नावांचे लाकडी पेटीचे रेडिओ दिवाणखान्यात राहिले, आणि ट्रान्झिस्टर मळ्यात, मोटेवर, बैलगाडीत गेला. तीन-चार सेलांवर तो महिना महिना चाले. (सेल उतरले की ते उन्हात वाळवून पुन्हा घालण्याची युक्ती घरोघर होती. दुकानदाराला ती मुळीच आवडत नसे.) जड बॅटरीचा धंदा यामुळे संपला. पण सेलाचा सुरू झाला, आणि त्याहून मोठा दुरुस्तीचा. दुकानाच्या मागच्या बाजूस एक टेबल, त्यावर उघडलेले रेडिओ, सोल्डरचा वास आणि मान खाली घातलेला एक मुलगा, हे दृश्य आमच्या पिढीने प्रत्येक गावी पाहिलेले आहे. या मुलांपैकी फारच थोडे कुठल्या तंत्रशाळेत गेले होते. उघडावे, पाहावे, चुकावे आणि शिकावे, अशी ती शाळा होती. वर्षांमागून वर्षे तिने गावाला कारागीर पुरवले.

दूरदर्शन मुंबईस आले 2 ऑक्टोबर 1972 रोजी. आपल्याकडे त्याची खरी लाट आली ती 1982 च्या दिल्लीतील आशियाई खेळांनंतर. त्या वर्षी रंग आले, आणि पुढे लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रे देशभर भराभर उभी राहिली. 1987 च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झाले, आणि रविवारी सकाळी पेठ ओस पडू लागली. दुकानदाराने या काळात काय विकले? संच तर विकलाच. पण खरे काम गच्चीवर होते. वीस-पंचवीस फुटांचा पाइप, त्यावर काट्यांचा अँटेना, खाली अंगणात उभा राहून ‘‘आलं का?’’ विचारणारा एक आणि आतून ‘‘मुंग्या दिसतात!’’ म्हणून ओरडणारा दुसरा. वाऱ्याने अँटेना फिरला की पुन्हा माणूस बोलवावा लागे. रेडिओचे आणि दूरदर्शनचे परवाने याच दशकात रद्द झाले, म्हणजे कागदाचे काम गेले. त्याची जागा अँटेनाने घेतली होती.

याच वेळी आपल्या शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने तोशिबाशी तांत्रिक करार करून रंगीत संच काढले. मराठवाड्यात तयार झालेला संच नगर जिल्ह्यातल्या घरात लागतो, याचा दुकानदारांना अभिमान होता, आणि सुटे भागही जवळून मिळत. ही कंपनी 2018 साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. 1991 नंतर कोरियन आणि जपानी कंपन्या आल्या होत्या. 2004 साली तर पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावास एलजीचा कारखाना निघाला. कंपनी कोणतीही येवो अथवा जावो, हमीपत्र हातात घेऊन गिऱ्हाईक कंपनीकडे जात नाही. ज्याने विकले त्याच्या पायरीवर ते येते.

कॅसेटची हकिगत थोडक्यात सांगतो. कोरी कॅसेट आणून द्यावी, गाण्यांची यादी द्यावी, दुकानदार ती भरून देई. कायद्याने ते गैर होते आणि आम्ही त्याचे समर्थन करीत नाही. पण वीस-पंचवीस वर्षांनी तेच गिऱ्हाईक, नाही तर त्याचा मुलगा, मोबाइलचे मेमरी कार्ड घेऊन त्याच काउंटरवर आला आणि म्हणाला, ‘‘चांगली गाणी टाकून द्या.’’ यंत्र पार बदलले होते, काम तेच राहिले होते. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओची सेवा खुली झाली, इंटरनेट स्वस्त झाले, आणि हा धंदा वर्ष-दोन वर्षांत नाहीसा झाला. रिचार्जचेही तसेच. 2003 नंतर येणाऱ्या कॉलचे पैसे बंद झाले, मोबाइल गरिबाच्या हाती आला, दहा-दहा रुपयांच्या रिचार्जवर कित्येक पानटपऱ्या चालल्या. आता रिचार्ज ज्याचा तोच घरबसल्या करतो.

आम्ही आरंभी जो प्रश्न टाकला त्याचे उत्तर आता बरेचसे स्पष्ट झाले असेल. दुकानदाराने यंत्र विकले, पण तो जगला यंत्र आणि घर यांच्या मधल्या कामावर. परवाना, बॅटरी, दुरुस्ती, अँटेना, गाणी, रिचार्ज अशी ती मालिका आहे. दर पिढीत एक काम गेले आणि दुसरे त्याच्या जागी आले. आजची अडचण अशी की जाणारी कामे दिसतात, येणारे दिसत नाही.

किमतीच्या लढाईत तर तो हरलाच आहे. फ्लिपकार्ट 2007 साली निघाले, अ‍ॅमेझॉन 2013 साली भारतात आले. काही मोबाइल तर प्रथम संगणकावरूनच मिळू लागले. दुकानात फक्त त्याचे कव्हर. सरकारने 26 डिसेंबर 2018 रोजी परिपत्रक काढून, परकीय भांडवल असलेल्या अशा बाजारांनी स्वतःचा हिस्सा असलेल्या विक्रेत्यांचा माल विकू नये आणि एखादा माल फक्त आपल्याकडेच मिळावा अशी सक्ती करू नये, असे ठरविले. त्याने लढाई थोडी समान झाली असेल, संपली नाही. हप्त्यांचे पाहा. पूर्वी दुकानदार उसाच्या पेमेंटवर उधार देई. माणूस ओळखीचा, शेत माहीत, कारखान्याचा भाव माहीत. आज तेथे वित्तकंपनीचा प्रतिनिधी बसतो आणि ‘शून्य टक्के व्याज’ असे सांगतो. शून्य टक्के व्याज अशी वस्तू असत नाही, व्याज कुठेतरी दुसऱ्या नावाने दडलेले असते, या अर्थाची तंबी रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना दिली होती. जुनी उधारी फार न्यायाची होती, असा आमचा दावा नाही. नडलेल्याला तीही महाग पडे. पण तिची गाठ पडे ती शेजारच्या माणसाशी.

गेल्या दिवाळीत आमच्या घरी असा एक संच ऑनलाइन आला. दुकानापेक्षा स्वस्त, हे कबूल केलेच पाहिजे. चार महिन्यांत पडद्यावर उभी रेघ आली. दूरध्वनीवर एका यंत्राने आम्हांस हिंदीत नऊ आकडे दाबावयास सांगितले. पंधरा दिवसांनी परगावाहून एक मुलगा आला. त्याने संच उघडलाही नाही. फोटो काढला आणि पडदा बदलण्याचा खर्च नव्या संचाच्या जवळपास होईल, असे सांगून गेला. मग आम्ही संच रिक्षात घालून पेठेत नेला. तेथले मागचे टेबल अजून आहे. दुकानदार आमच्याच वयाचे. त्यांनी पाठ उघडली, आत पाहिले आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, हे असं बनवलंय की कोणी उघडूच नये.’’

सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी उघड करावी, यासाठी केंद्राच्या ग्राहक खात्याने 2022 साली एक संकेतस्थळ काढले आहे. निकामी झालेल्या उपकरणांची विल्हेवाट कंपनीनेच लावावी, असे नियम 2023 च्या एप्रिलपासून नव्याने लागू आहेत. ही दोन्ही कामे कुणीतरी गावात बसून करावी लागतील, आणि ती करण्याची जागा, हत्यारे आणि ओळख ज्याच्यापाशी आहे असा मनुष्य आमच्या पाहण्यात तरी हा एकच आहे. आमचा संच आठ दिवसांनी चालू झाला. एका जुन्या संचाचा पडदा त्यांनी जपून ठेवला होता, तो बसला. टेबलाशी त्यांच्याबरोबर मात्र कोणी मुलगा बसलेला नव्हता. विचारले, तेव्हा म्हणाले, ‘‘दोघे होते. एक शिर्डीत हॉटेलात लागला, दुसरा ऑनलाइनवाल्यांची पार्सलं वाटतो.’’