हेलियम विजयदुर्गावर सापडला नाही

दरवर्षी १८ ऑगस्टला विजयदुर्गावर ‘जागतिक हेलियम दिन’ साजरा होतो. त्यामागची कथा आता बहुतेकांना पाठ आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले, त्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने किल्ल्यावर दुर्बीण रोखली आणि सूर्याच्या प्रकाशात त्याला हेलियम सापडला. पुरावा म्हणून किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात.

या कथेतले खरे काय ते आधी मान्य करू. तारीख खरी आहे. ग्रहण खरे आहे आणि ते हिंदुस्थानातून दिसले, हेही खरे. लॉकियर विजयदुर्गावर आले होते, हेसुद्धा खरे. गफलत आहे ती सालाची. लॉकियर किल्ल्यावर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ‘मेलपोमेनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते. तोवर हेलियम पृथ्वीवर हाती लागून जवळजवळ तीन वर्षे झाली होती. १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते. लंडनच्या युद्धखात्यात नोकरी आणि फावल्या वेळात खगोलवेध, असा त्यांचा क्रम होता. ग्रहणासाठी ते हिंदुस्थानात पहिल्यांदा आले ते १८७१ साली. तेव्हाही मुक्काम किल्ल्यावरच होता, पण तो किल्ला केरळातला बेकल. १८६८ आणि १८९८ या दोन ग्रहणांमधली तीस वर्षे पुसली गेली आणि कथा तयार झाली.

यावर कुणी म्हणेल, विजयदुर्ग नसेल, तर गुंटूर म्हणा. लॉकियर नसतील, तर फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन म्हणा. अनेक ज्ञानकोश तसेच सांगतात. त्या ग्रहणाच्या वेळी जान्सेन गुंटूरला होते, हे निर्विवाद. पण त्यांनी तिथे नेमके काय केले? सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. या ज्वाळा तप्त वायूच्या, मुख्यतः हायड्रोजनच्या आहेत, हे त्यांनी ओळखले. रेषा इतक्या ठळक होत्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, असे त्यांच्या मनाने घेतले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तसे करून दाखवले. हे मोठेच काम होते. पण नव्या मूलद्रव्याचा दावा त्यात कुठेही नव्हता. ज्वाळांच्या वर्णपटातली पिवळी रेषा, जी पुढे हेलियमची ठरली, इतरांनी पाहिली होती. जमखंडीला जॉन हर्शेल आणि मच्छलीपट्टणला नॉर्मन पॉगसन यांनी ती सोडियमच्या ‘डी’ रेषांच्या जागी किंवा जवळपास असल्याचे नोंदवले होते.

सारी मेख या ‘जवळपास’ शब्दात आहे. सोडियमच्या दोन रेषा ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरवर असतात. हेलियमची रेषा ५८७.६ वर. अंतर जेमतेम दीड नॅनोमीटर. शिवाय सूर्यबिंब झाकले गेले, की वर्णपटातल्या नेहमीच्या काळ्या रेषाही दिसेनाशा होतात. म्हणजे ज्या खुणांवरून जागा ठरवायची, त्याच गायब. पट्टी काढून घ्यायची आणि लांबी विचारायची, तशी ही गत. उलट ग्रहण नसताना आकाशात पसरलेल्या सूर्यप्रकाशाचा वर्णपट मागे असतोच, त्यात सोडियमच्या दोन्ही काळ्या रेषा स्पष्ट असतात आणि ज्वाळेची पिवळी रेषा त्यांच्या शेजारी, पण त्यांच्याशी न जुळणारी, अशी दिसते. २० ऑक्टोबर १८६८ रोजी लॉकियर यांनी इंग्लंडमध्ये, भर उजेडात, आपल्या नव्या वर्णपटदर्शकातून ज्वाळा पाहिल्या, त्या अशा. जान्सेन आणि लॉकियर या दोघांच्या कामाची वार्ता पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला वाचली गेली. पुढे दोघांच्या प्रतिमा असलेले पदकही काढले गेले. हा मान ग्रहणाविना ज्वाळा पाहण्याच्या पद्धतीबद्दल होता, हेलियमबद्दल नव्हे.

रेषा सोडियमची नाही, एवढ्याने ती नव्या मूलद्रव्याची ठरत नाही. वेगळ्या दाबाखाली, वेगळ्या तापमानात हायड्रोजनच ती देत नसेल कशावरून? लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजन तपासून पाहिला, पण ती रेषा मिळेना. मगच नव्या मूलद्रव्याची कल्पना पुढे आली. १८७१ साली भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी एका भाषणात हेलियमचा उल्लेख केला. तरीही शंका उरल्याच. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा दिसली. तेव्हाही ‘तीच’ म्हणणे सोपे नव्हते. रुंगे आणि पाशेन या जर्मन शास्त्रज्ञांना पृथ्वीवरच्या वायूची रेषा जोडरेषा असल्याचे आढळले, तर सूर्यावरची तोवर एकेरी समजली जात होती. पुन्हा सूर्याकडे पाहिले गेले. तीही जोडरेषाच निघाली. तेव्हा कुठे खात्री पटली.

म्हणून हेलियमचा शोध कुठल्या एका दिवशी, एका जागी लागला असे म्हणणेच चुकीचे आहे. रेषा दिसणे, तिची जागा मोजणे, इतर शक्यता बाद करणे आणि वस्तू हाती येणे, या चार पायऱ्या सत्तावीस वर्षांत पसरल्या आहेत. पहिली पायरी बऱ्याच जणांनी गाठली. शोध ठरला तो पुढच्या तीन पायऱ्यांमुळे. ‘किल्ल्यावरून पाहिले आणि सापडले’ असे मुलांना शिकवताना आपण त्यांच्यापासून नेमके विज्ञानच लपवतो.

‘यामुळे पोरांना विज्ञानाची गोडी लागते, मग बिघडले कुठे?’ असेही विचारले जाईल. गोडी लावायला खरा इतिहास तोकडा नाही. त्याच १८९८ च्या ग्रहणाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला वेधशाळा थाटून बसले होते आणि त्यांनी त्या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल छापला. साहेबाच्या ओट्यांची कहाणी घरोघर पोचली; या एतद्देशीय शास्त्रज्ञाचे नाव मात्र किती शाळांत घेतले जाते?

दिन साजरा करायला हरकत नाही. पण किल्ल्यावरच्या माहितीत आणि शाळेतल्या भाषणात सरळ लिहावे, सांगावे: लॉकियर येथे १८९८ साली ग्रहण पाहायला आले होते, हेलियमचा शोध येथे लागलेला नाही.